दत्तकाचे दप्तर

‘दत्तक’ हा यंदाच्या अंकाचा विषय ठरल्यावर, चित्रपटांत दिसणारे दत्तक आणि प्रत्यक्षातले दत्तक यांचा मेळ महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या जुन्या मराठी वस्तीत जाऊन पाहावा, अशी संपादकांची इच्छा होती. आणि ती ऐकताच मी रायपूरचे नाव घेतले, कारण हे नगर इंग्रजी अंमलाखाली गेले ते एका नामंजूर दत्तकापायी, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असूनही सहसा आठवत नाही. ११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. राजघराण्यातील स्त्रियांनी, वयोवृद्ध बांकाबाईंच्या विचाराने, यशवंतराव नावाच्या आप्ताला दत्तक घेऊन त्यास जानोजी हे नाव दिले; परंतु लॉर्ड डलहौसीने ते दत्तक मान्य न करता १८५४ साली राज्य खालसा केले, आणि त्या राज्याच्या पूर्वेकडील छत्तीसगढचा विस्तीर्ण मुलूख, ज्याचे मुख्य ठाणे १८१८ साली रतनपूरहून रायपुरास आणले गेले होते, तो कंपनी सरकारच्या हवाली झाला.

भोसल्यांच्या अमदानीत येथे आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तात्यापारा, बूढापारा या जुन्या पेठांत भेटतात, आणि नंतरच्या पिढ्या चौबे कॉलनीसारख्या वस्त्यांत विसावल्या आहेत. या मंडळींशी बोलताना १८५३ चा विषय निघाला की एक गोष्ट हटकून सांगितली जाते, आणि ती मला महत्त्वाची वाटली: विधी झाला होता, मूल मांडीवर बसले होते, नाव ठेवले गेले होते, तरीही वारस कोण हे ठरविले ते सरकारी दप्तराने. मूल कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर शेवटी एखाद्या कागदावर असते, आणि तो कागद कोणी लिहिला, कोणत्या भाषेत लिहिला व पुढे तो वाचता येतो की नाही, यावर एका माणसाचे सारे पूर्वायुष्य अवलंबून राहते. रायपुरात मी जे पाहिले ते या एकाच धाग्याने बांधलेले आहे.

पडद्यावरची खूण

आपल्या चित्रपटांना दत्तकाचा विषय नवा नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ साली झाला. त्याने स्त्रीला स्वतःच्या अधिकारात दत्तक घेण्याची आणि मुलीला दत्तक जाण्याची वाट मोकळी करून दिली, व दत्तहोम झाला नाही म्हणून दत्तक अवैध ठरणार नाही असे स्पष्ट केले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९५९ साली, दोन हिंदी चित्रपट आले. यश चोप्रांच्या ‘धूल का फूल’मध्ये टाकून दिलेल्या बालकाला अब्दुल रशीद हा मुसलमान गृहस्थ वाढवितो, बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये अस्पृश्य मानलेल्या जातीतली पोरकी मुलगी ब्राह्मण कुटुंबात वाढते, आणि घरातली आई तिची ओळख करून देताना मुलगी म्हणण्याऐवजी मुलीसारखी असे म्हणत राहते. दोन्ही चित्रपट मला आजही फार मोठे वाटतात. परंतु नवा कायदा पुस्तकात आलेला असूनही दोहोंपैकी एकाही घरात दत्तकाचा कागद नाही; बालक दयेने आत येते आणि दयेच्याच आधारावर राहते, म्हणून त्याचे स्थान वर्षानुवर्षे डळमळीत असते, आणि त्या डळमळण्यातूनच कथानकाला गती मिळते.

दहा वर्षांनी आलेल्या ‘आराधना’त कागद येतो, पण चुकीच्या वेळी. समाजाच्या लेखी अविवाहित अशी विधवा माता आपले मूल अनाथाश्रमाच्या दारी ठेवते ती दुसऱ्या दिवशी त्याला रीतसर मागून घेण्यासाठी, आणि तोवर ते दुसऱ्या दांपत्याच्या पदरात पडलेले असते. मग ती त्याच घरी दाई होऊन राहते. १९६९ च्या प्रेक्षकांनी या योगायोगावर अश्रू ढाळले. आज दत्तकाच्या व्यवहाराची थोडीफार माहिती झाल्यावर मला मात्र त्या अनाथाश्रमाची नोंदवही डोळ्यांपुढे येते: मूल कोणी ठेवले, केव्हा ठेवले, कोणाला दिले, यांपैकी काहीही न लिहिता एक रात्र उलटली, आणि त्या एका रात्रीच्या गैरनोंदीवर दोन आयुष्यांची घडी विस्कटली.

मराठी पडद्यावर या विषयाला जवळचा वाटणारा चित्रपट म्हणजे अनंत महादेवन यांचा २०१० चा ‘मी सिंधुताई सपकाळ’. वर्धा जिल्ह्यातल्या या स्त्रीने पोरक्या मुलांची माय होताना आपल्या पोटच्या मुलीला पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टच्या स्वाधीन केले, ते आपपरभाव मनात शिरू नये म्हणून. हा त्याग पडद्यावर पाहताना मन हेलावते. तथापि सिंधुताईंचे मातृत्व हे कायद्यातले दत्तक नव्हे, ते संगोपन होते, आणि या दोहोंतला भेद प्रेक्षकाच्या ध्यानी राहत नाही, कारण पडद्याला भेटीगाठी दाखवायच्या असतात, अर्ज दाखवायचे नसतात. याला सुंदर अपवाद मणिरत्नम यांचा २००२ चा तमिळ चित्रपट ‘कन्नत्तिल मुत्तमिट्टाल’: तेथे अविवाहित पुरुषाला मूल दत्तक मिळत नाही म्हणून नायक विवाह करतो, आणि मुलीला तिच्या नवव्या वाढदिवशी सत्य सांगितले जाते. दत्तक मुलाला सत्य केव्हा व कोणी सांगावे, हा प्रश्न इतक्या सरळपणे विचारणारा दुसरा भारतीय चित्रपट मला आठवत नाही.

एरवी आमच्या कथांत हरवलेले मूल ओळखले जाते ते गळ्यातल्या ताईतावरून, दंडावरच्या खुणेवरून, बालपणीच्या गाण्यावरून. प्रत्यक्षात ताईत नसतो, संचिका असते. आणि ती संचिका चुकली तर काय होते, हे गार्थ डेव्हिस यांच्या २०१६ च्या ‘लायन’ने जगाला दाखविले. खांडव्याच्या गणेश तलाई वस्तीतला सुमारे पाच वर्षांचा शेरू, थोरला भाऊ गुड्डू याच्यासोबत बऱ्हाणपूर स्थानकावर गेला, रिकाम्या डब्यात झोपला आणि थेट कलकत्त्यास पोहोचला. मुलाने आपले नाव ‘सारू’ असे सांगितले. गावाचे नाव त्याच्या तोंडून ‘गिनेस्टले’सारखे निघाले, आणि असे गाव कोणत्याही नकाशात सापडेना. बऱ्हाणपूर हा आमच्या जळगाव जिल्ह्याला चिकटलेला मुलूख. तेथील बोलीची सवय असलेला एखादा माणूस त्या दप्तरात बसला असता तर कदाचित त्याला तो उच्चार उमगला असता. ते घडले नाही, आणि १९८७ साली मूल टास्मानियातील होबार्टला ब्रायर्ली दांपत्याच्या घरी गेले. तेथे त्याला अपार माया मिळाली. पुढे त्याने संगणकावरील उपग्रहचित्रांत हावड्याहून निघणारे लोहमार्ग एकेक करून धुंडाळले, बऱ्हाणपूर स्थानकाजवळची पाण्याची टाकी ओळखली, आणि २०१२ साली खांडव्यास जाऊन आईची भेट घेतली. बालपणीच्या सारूची भूमिका मुंबईच्या कलिना भागातल्या सनी पवार या मुलाने केली. त्या मुलाचा चेहरा मी विसरू शकत नाही.

हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईकडे येणारा मोठा लोहमार्ग रायपुरातून जातो. रात्री स्थानकावर उभे राहिले असता एकामागून एक गाड्या येतात, दोन-पाच मिनिटे थांबतात आणि निघून जातात. अशा मार्गावरच्या स्थानकात एकटे उतरलेले मूल ही विरळा घटना नसते, आणि म्हणूनच त्या मुलाच्या तोंडचे पहिले शब्द टिपून घेणाऱ्या माणसाचे काम मला फार मोलाचे वाटते.

अर्जापासून हुकुमापर्यंत

घडी चौकाजवळच्या जिल्हाधिकारी कचेरीत आज दत्तकाचे अखेरचे हुकूम निघतात. पूर्वी ते न्यायालयातून मिळत. बालन्याय कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने, १ सप्टेंबर २०२२ पासून, हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आला. त्यामागची सारी यंत्रणा मात्र केंद्रीय आहे. परदेशी दत्तकांतील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रावरून १९८४ साली जो निवाडा झाला, त्यातून पुढे १९९० साली केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण उभे राहिले, ज्याला या व्यवहारातले सर्वजण ‘कारा’ म्हणतात.

व्यवहार चालतो तो असा. मूल टाकलेले सापडले, तर बालकल्याण समितीपुढे त्याला हजर करतात, वृत्तपत्रांतून छायाचित्र प्रसिद्ध करून पालकांचा शोध घेतात, आणि ठरावीक मुदतीत कोणी पुढे आले नाही तरच ते दत्तकासाठी कायद्याने मोकळे झाल्याचे जाहीर होते. आईने स्वतः मूल सोपविले, तर तिला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. ‘आराधना’तल्या मातेला याच साठ दिवसांची गरज होती. दुसऱ्या बाजूला मूल मागणारे दांपत्य संगणकावर नाव नोंदविते, कागदपत्रे जोडते. समाजसेविका घरी येऊन गृहभेटीचा अहवाल तयार करते, ज्याला सर्वजण ‘होम स्टडी’ असेच म्हणतात. आणि मग सुरू होते ती प्रतीक्षा, जिच्याविषयी बोलताना मला भेटलेल्या एका मराठी दांपत्याचा आवाज दोनदा थांबला. वर्षे लोटतात. एके दिवशी ‘रेफरल’ येते: मुलाचे छायाचित्र, प्रकृतीचा अहवाल, अभ्यास-अहवाल, आणि होकार कळवून मूल आपल्यासाठी राखून ठेवण्यास अठ्ठेचाळीस तासांची मुदत असते. पुढे मूल घरी आले तरी दोन वर्षेपर्यंत दर सहा महिन्यांनी समाजसेविका भेट देऊन त्याची वाढ, शाळा, रुळणे यांची नोंद करते.

या दांपत्याने मला आपल्या मुलीची संचिका दाखविली नाही, आणि दाखवू नये हेच योग्य होते. परंतु ती कोठे ठेवली आहे, हे मुलीला ठाऊक आहे, असे आईने मला सांगितले. मुलगी वयात आल्यावर तिला आपल्या मूळस्थानाचा शोध घ्यायचा असेल तर नियमांनी तशी सोय ठेवली आहे. जन्मदात्रीच्या गोपनीयतेला धक्का न लावता, जी माहिती देता येईल ती दत्तक संस्थेने व प्राधिकरणाने द्यावयाची. म्हणजे आज लिहिलेला कागद वीस, पंचवीस, तीस वर्षांनी कोणीतरी अधीरतेने मागणार आहे, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरले पाहिजे.

‘राम’ हा शब्द, तीन रोमी अक्षरांत

कचहरी चौकाच्या आसपास टंकलेखनाची लहान लहान दुकाने आहेत. तेथे प्रतिज्ञापत्रे, अर्ज, नकला तयार होतात, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी अजूनही ‘कृतिदेव’ नावाच्या अक्षरसंचाचे राज्य आहे, कारण मध्य प्रदेश व छत्तीसगढमधील शासकीय टंकलेखकांच्या पिढ्याच्या पिढ्या रेमिंग्टन यंत्राच्या कळपाटावर शिकल्या आणि तोच हात कृतिदेवला सरावला. हाताच्या या वेगाविषयी मला आदरच वाटतो. पण कृतिदेवची घडण अशी की पडद्यावर ‘राम’ दिसत असले तरी संचिकेत प्रत्यक्षात साठतात ती जे, के, ई ही तीन रोमी अक्षरे. अक्षरसंच त्यांच्यावर र, काना आणि म यांची चित्रे चढवितो, इतकेच. ज्या संगणकावर तो अक्षरसंच नाही, तेथे ती संचिका उघडली की आईचे नाव, गाव, मुलाच्या अंगावरच्या खुणा, सारे निरर्थक रोमी अक्षरांचे जाळे होऊन समोर येते. युनिकोडात तसे होत नाही. तेथे र, काना, म यांना स्वतःचे जागतिक क्रमांक आहेत, आणि कोणताही देवनागरी अक्षरसंच त्यांना वाचू शकतो.

चौबे कॉलनीतले एक निवृत्त मराठी गृहस्थ, ज्यांनी आयुष्यभर सरकारी लेखाशाखेत काम केले आणि ज्यांचे नाव त्यांच्या विनंतीवरून येथे देत नाही, सध्या एका दत्तक संस्थेच्या अशाच जुन्या संचिका वाचनीय करण्याचे काम विनावेतन करीत आहेत. त्या संस्थेचे नावही मी सांगत नाही. त्यांचा संगणक जुना. विंडोज १० ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली आणि पुढची आवृत्ती त्यावर चालणारी नव्हती, तेव्हा भाच्याने लिनक्स मिंट बसवून दिले. त्यांच्या दिनक्रमात मला कुठेही प्रयोगशीलतेचा डौल दिसला नाही. सकाळी वर्तमानपत्रे, मग विजेचे देयक, गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब लिबरऑफिसच्या तक्त्यात, नातवाशी दूरभाष, आणि दुपारी संचिका. अडचणी आहेत: एका सरकारी कामासाठी लागणारी डिजिटल सहीची कळ या यंत्रावर चालेना, म्हणून त्यासाठी ते दुसऱ्याच्या दुकानात जातात, जुन्या दस्तऐवजातल्या तक्त्यांच्या चौकटी कधी कधी सरकतात. छापयंत्र मात्र जोडताच चालू लागले.

रूपांतराचे काम बाहेरून वाटते तितके यांत्रिक नाही. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित होते, रफार नंतर. युनिकोडात क्रम उच्चारानुसार लागतो. रूपांतर करणारी आज्ञावली ही उलथापालथ बहुधा नीट करते, पण जोडाक्षरांत चुकते, आणि चुकते ते नेमके विशेषनामांत: गावांच्या, आडनावांच्या, नद्यांच्या नावांत. म्हणून हे गृहस्थ प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी ताडून पाहतात. मग मजकूर ओडीएफ या खुल्या स्वरूपात साठवितात, ज्याला २००६ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. या स्वरूपाची रचना जाहीर आहे. उद्या लिबरऑफिस नामशेष झाले तरी त्या संचिकेतला मजकूर दुसऱ्या कोणालाही काढून घेता येईल. भारत सरकारने ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० साली आणि मुक्तस्रोत आज्ञावलींचे धोरण २०१५ साली जाहीर केले; परंतु धोरण दिल्लीत जाहीर होणे आणि कचहरी चौकातल्या दुकानात पोहोचणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि ते अंतर आज अशा एकेका माणसाच्या दुपारींनी तोडले जात आहे. मला हे पुरेसे वाटत नाही. ज्या नोंदींवर एखाद्या मुलाचा जन्माचा हक्क अवलंबून आहे, त्या वाचनीय ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे.

आईची बोली

येथे आणखी एक अडथळा आहे, आणि तो यंत्राचा नाही. मूल सोपविणारी खेड्यातली स्त्री आपली हकीकत सांगते छत्तीसगढीत. कागदावर ती उतरते कचेरीच्या हिंदीत. ती काय बोलली, कोणत्या शब्दांत बोलली, हे तिच्या मुलाला कधी कळत नाही. छत्तीसगढी ही स्वतंत्र व्याकरणाची बोली आहे. हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ सालीच तिचे व्याकरण लिहिले, आणि ग्रियर्सनसारख्या भाषापंडिताने ते इंग्रजीत आणले. २००७ साली राज्याने तिला राजभाषेचा मान दिला. तरीही कारकुनाच्या हाताला ती परकीच राहिली.

तिला संगणकावर आणण्याचा मोठा उद्योग ज्यांनी केला ते रविशंकर श्रीवास्तव मूळचे रायपूरशेजारच्या राजनांदगावचे. वीज मंडळातले अभियंते आणि हिंदी लेखक, ‘रवि रतलामी’ या नावाने परिचित. लिनक्सवरील केडीई या मेज-व्यवस्थेच्या सूचना, आज्ञा, इशारे यांचे हजारो शब्दसमूह त्यांनी छत्तीसगढीत आणले, आणि या कामाला २००९ सालचा मंथन पुरस्कार मिळाला. अशा भाषांतराची रीत साधी आहे: एका संचिकेत मूळ इंग्रजी ओळ, तिच्याखाली रिकामी जागा, ती जागा भरत जायचे. पण मूळ आज्ञावली बदलते, ओळी बदलतात, जुनी भाषांतरे संशयास्पद म्हणून बाजूला पडतात, आणि कोणी सतत लक्ष घातले नाही तर त्या भाषेचा हिस्सा घटत जाऊन ती नव्या आवृत्तीबरोबर मिळेनाशी होते. केडीईची तेव्हाची चौथी मालिका मागे पडून २०२४ साली सहावी आली आहे. पुरस्काराचे कौतुक एकदाच होते. रिकाम्या ओळी दर सहामाहीला नव्याने येतात. मुलाच्या घरी दोन वर्षे जाणाऱ्या समाजसेविकेच्या कामाची मला येथे आठवण झाली.

परक्या भाषेला आपले मानून तिच्यासाठी शब्द घडविण्याची परंपरा या मुलखात मराठी माणसांनीही चालविली आहे. १९०० साली पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे जन्माने मराठी. त्यांनी काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या कोशासाठी अर्थशास्त्राची हिंदी परिभाषा सिद्ध केली, ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले, आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला. राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकविणारे गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे युगप्रवर्तक कवी झाले, आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एका घरात दोन भाषा नांदल्या, त्याचे कोणाला वैषम्य वाटले नाही.

चौबे कॉलनीतल्या गृहस्थांनी याच परंपरेला धरून एक पद्धत पाडली आहे, जिचा कोणत्याही नियमात उल्लेख नाही. जुन्या निवेदनांत हिंदीच्या ओघात एखादा छत्तीसगढी शब्द, एखाद्या पाऱ्याचे, म्हणजे वस्तीचे, वा तळ्याचे स्थानिक नाव जसेच्या तसे राहून गेलेले आढळले, तर ते त्याला शुद्ध करीत नाहीत. मुलाने सांगितलेले गाव संशयास्पद वाटले तर ऐकलेला उच्चार आधी, त्यापुढे प्रश्नचिन्ह, आणि मग आपल्या मते संभवणारी दोन-तीन गावे, तालुक्यासह. संचिका ज्यांवर साठविल्या होत्या त्या जुन्या संगणकीय चकत्यांपैकी काही आता कोणत्याच यंत्रात उघडत नाहीत. त्यांतल्या संचिकांसाठी कागदी प्रतींवरून मजकूर पुन्हा टंकित करावा लागत आहे, आणि त्या प्रतींतही कित्येकांची शाई फिकी झाली आहे. एका वर्षाच्या नोंदी पुऱ्या होत आल्या होत्या. दुसरे वर्ष हाती घेण्यासाठी त्यांना छत्तीसगढी नीट जाणणारा, आणि दुपारी दोन तास बसू शकणारा, एक सोबती हवा आहे. तो मराठी असावा असा त्यांचा आग्रह नाही.